मगरीची पाठ आणि दुपारची झोप

बडोदा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या लाकडी कोरीवकामाचे अकरा फोटो मिळाले. आधी चहाबरोबर पाहिले, मग चष्मा बदलून पुन्हा पाहिले. घुबड, कमळ, बुद्धाचा चेहरा, अजून एक घुबड, पान, मासा. हात चांगला आहे तुझा. पहिल्या घुबडाच्या पंखाखालचा कोपरा तू स्वच्छ काढलायस. नवशिक्यांचं लाकूड तिथे उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं. पण तुझी तक्रार खरी आहे. ही अकरा कामं अकरा जणांनी केल्यासारखी वाटतात आणि त्या अकरांत तू कुठे सापडत नाहीस.

‘मावशी, सुचतच नाही काही, मोबाइल उघडला की सगळं कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं,’ असं लिहिलंयस. आता मी तुला टाकीचे घाव आणि देवपण वगैरे ऐकवणार, अशी तुझी समजूत असेल. नाही ऐकवत. ती म्हण दगडवाल्यांची. लाकडाला नुसते घाव घातले तर ते देव व्हायच्या आधी फाटतं.

मी हे सुरू केलं एक्केचाळिसाव्या वर्षी. पावसाळ्यात फुगलेलं दार घासायला एक मिस्त्री आले होते. त्यांचा रंधा चालताना पाहून मी बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आमच्या बँकेत रजा मागायला ताप लागायचा, म्हणून ताप सांगितला. जाताना त्यांनी एक झिजून अर्धी झालेली गोल पटाशी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘बेन, जोर नै, धार.’ पुढची दोन वर्षं मी जोरच लावत होते, हा भाग वेगळा.

तुझ्या अडचणीकडे येते. फोटोत तुला काम झाल्यानंतरचं दिसतं. आधी काय काढलं, कुठून काढलं, कुठे हात थांबला, हे दिसत नाही. शिवाय फोटो बहुतेक समोरच्या उजेडात काढलेला असतो आणि त्यात खोली मरते. म्हणून तू पाहून पाहून बाह्यरेषा उचलतोस आणि आतलं पोट अंदाजानं भरतोस. तुझ्या दोन्ही घुबडांची छाती बघ. दोन्हीकडे सारखीच, सपाट. सुचत नाही असं तुला वाटतं. मला वाटतं, तू अजून पटाशी हातात असल्यासारखं पाहायला लागलेला नाहीस.

एक मोर सांगते. मांडवीच्या आतल्या एका पोळीत, म्हणजे जुन्या गल्लीत, लाकडी घर होतं. ओट्यावरच्या खांबाच्या माथ्याशी, वरच्या तुळईला टेकू देणारा कोरीव तुकडा असतो ना, तशा तुकड्यावर मोर होता. मान मागे वळवून चोच स्वतःच्याच पिसांत खुपसलेला. मला तो फार आवडला. घरी येऊन मी सागात मोर कोरला, पण आपलं काहीतरी वेगळं हवं म्हणून मान सरळ केली आणि चोच पुढे काढली. साडेतीन आठवडे गेले. शेवटच्या संध्याकाळी चोचीखालची धूळ ब्रशनं झाडत होते आणि चोच ब्रशबरोबर खाली आली. पटाशी नव्हे, ब्रश!

ती का तुटली ते तुला कळलं असेल. मोराच्या अंगात लाकडाचा रेषा (तंतूंची दिशा) उभा होता, म्हणजे आडव्या चोचीत तो आखूड आखूड तुकड्यांत कापला गेला. बिस्किटासारखा. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या पोळीत गेले आणि या वेळी त्या मोराला विचारलं, बाबा रे, तुला कसं कापलं? तेव्हा दिसलं की चोच कुठेही मोकळी नाहीच. ती पाठीला चिकटलेली आहे, तुरा मानेला चिकटलेला आहे, पायांच्या मध्ये वेल भरलेली आहे. त्या सुतारानं आधी चोच वाचवली आणि मग तिला कारण शोधून दिलं: मोर पिसं साफ करतोय. मी ज्याला त्याची कल्पकता समजत होते ती आधी त्याची काळजी होती.

तिथेच आणखी एक गोष्ट दिसली. जवळून ते काम रांगडं होतं, खाचा बोटाच्या पेराएवढ्या खोल. पण पाहणारा उभा असतो खाली रस्त्यावर, वर गुजरातचं ऊन. खोल खाच नसेल तर सावली पडत नाही आणि सावली नसेल तर खालच्याला मोर दिसत नाही. तुझी कामं राहणार टेबलावर, दिव्याखाली, हाताच्या अंतरावर. मग तू ती खोली कुठल्या हिशेबानं ठरवलीस? यापुढे लाकडाला हात लावण्याआधी ठरव, ही वस्तू कुठे बसणार आणि तिच्यावर उजेड कुठून येणार. कोरतानाही दिवा डाव्या हाताला खाली ठेव, आडवा उजेड पडेल असा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये केलेलं काम खोटं बोलतं.

पाहायला कुठे जायचं हे बडोद्यात राहणाऱ्यानं विचारू नये. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पाहिलायस का? भाऊ तांबेकर 1849 ते 1854 इथले दिवाण होते, त्यांचा हा वाडा. लोक वरच्या मजल्यावरची भित्तिचित्रं पाहायला जातात आणि जावंच. कृष्णलीला आणि इंग्रज-मराठ्यांची लढाई एकाच वाड्यात नांदतात. तू मात्र जाता-येता लाकडी खांबांपाशी थांब. कोरीव काम कुठे सुरू होतं यापेक्षा कुठे थांबतं ते बघ. किती लाकूड साधं सोडलंय, ते वहीत लिही. तुझ्या फोटोंत साधी जागा जवळजवळ नाहीच. मोकळं दिसलं की तू पान काढतोस. आमच्याकडे हळदीकुंकवाला काही बायका रांगोळीत असंच करायच्या.

मग कमाटीबागेतलं म्युझियम. 1894 पासूनची इमारत, लहानपणी ममी बघायला गेला असशील. आता ममी सोड. अकोट्याची कांस्यं आहेत तिथे, आपल्याच अकोट्यात 1951 मध्ये सापडलेली. त्यातल्या चामरधारिणीपुढे अर्धा तास उभा राहा. कमरेचा एक बाक, त्यावर सगळी मूर्ती तोललेली. धातूचं काम लाकडात तसंच्या तसं येणार नाही, पण तो बाक तुझा होऊ शकतो, माशातसुद्धा. आणि खाली देवमाशाचा सांगाडा आहे, त्याच्या मणक्यांची चित्रं काढ. फोटो नको. दोन मिनिटांत एक, पेन्सिलनं, वाईट का असेना. हातानं काढलेलं हाताच्या लक्षात राहतं. बाहेर पडून सेवउसळ खा, हेही त्याच कामाचा भाग समज.

आता माझी मगर. ही थोडी लांबेल.

काळा घोड्याजवळच्या पुलावरून विश्वामित्री नदीत मगर बघणं हा आपला गावठी छंद. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी रस्त्यावर आल्या तेव्हा सगळ्या देशाला कळलं, आपल्याला आधीपासून माहीत होतं. त्याच पुरात आमच्या गल्लीतला कडुनिंब पडला. तोडणाऱ्यांकडून मी चार ओंडके मागून घेतले, दोन्ही तोंडांना मेण फासलं, तारीख लिहिली आणि पलंगाखाली सरकवले. तोंडं उघडी ठेवली असती तर आधी तीच वाळून तडकली असती. त्याच्या आधीचा एक तुकडा माझ्याकडे वाळलेला होता, त्यात पहिली मगर काढली. एकेक खवला मन लावून कोरला. झाल्यावर नातवानं विचारलं, ‘आजी, फणस का केलास?’

दुसरी बरी झाली, तिसरी लांबट झाली. चौथ्या वेळी कडुनिंबानं त्रास दिला. या लाकडाचा रेषा एका पट्टीत इकडे आणि शेजारच्या पट्टीत उलट जातो, त्यामुळे कुठूनही कापलं तरी कुठेतरी उचकटतं. (शिवाय कडू. काम करून हात नीट धुतले नाहीत तर पोळीसुद्धा कडू लागते.) मी पॉलिश पेपर घेऊन उचकटलेलं घासायला बसले आणि थांबले. अंगाची कातडी तशीच तर दिसत होती. मग पाठीवरच्या खवल्यांच्या रांगा तेवढ्या नीट काढल्या आणि बाकीचं अंग पटाशीच्या खुणांसकट सोडून दिलं. सातव्या मगरीपर्यंत मला कळलं होतं काय सोडायचं.

आणखी एक. आमच्या इमारतीत दोन ते चार सगळे झोपतात आणि मला वेळ मिळतो तोही दोन ते चार. मोगरीचा, म्हणजे लाकडी हातोड्याचा, एक ठोका पडला की खालून काकांचा खोकला यायचा, तो खोकला नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मी मोगरी बंद केली. तळहातानं ढकलून जेवढं निघेल तेवढंच काढायचं. ढकलून लांब काप येत नाही, नखाएवढा येतो. वर्षानुवर्षं मी याला माझी गैरसोय समजत होते. मग एकदा दांडिया बाजारात एका नात्यातल्या घरी लोणच्याच्या बरणीवर लाकडी झाकण पाहिलं. मी दिलेलं, पण पार विसरलेले. तिथली मुलगी म्हणाली, ‘हे तुमचंच ना? सगळीकडे नखानं ओरखडल्यासारखं आहे.’ मला दोन दिवस राग होता. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्या झाकणावर नाव नव्हतं, तरी पोरीनं मला ओळखलं होतं.

तेव्हा शैली म्हणून वेगळं काही शोधत बसू नकोस. तू लिहिलंयस की तुझा खोलीतला जोडीदार रात्रपाळी करून दिवसा झोपतो, टेबल नाही आणि हत्यारं तीनच आहेत. अरे, हे किती छान आहे! तीन हत्यारांतली दोन गोल आहेत ना? मग काही दिवस सरळ कोपरे विसर. मांडीवर मावेल एवढंच लाकूड घे, खाली जुनी परात ठेव म्हणजे भुसा उडणार नाही, आणि बघ काय होतं ते. इथल्या फाइन आर्ट्समध्ये के. जी. सुब्रह्मण्यन शिकवायचे. साठच्या दशकात तिथल्या जत्रेसाठी त्यांनी लाकडाची आणि मण्यांची खेळणी केली. इतक्या मोठ्या चित्रकारानं जत्रेतल्या खेळण्यासाठी डोकं लावलं आणि थोडक्या तुकड्यांत अख्खा प्राणी उभा केला. त्यांचे फोटो मिळाले तर बघ. नक्कल करायची असेल तर तीही खुशाल कर, पण अर्धवट टाकू नकोस आणि पाठीमागे पेन्सिलनं लिही, कुणाचं पाहून केलं ते. मी त्या मोडक्या मोरामागे लिहिलंय.

घुबडं, कमळं सोड काही महिने. एकच विषय घे, तुझ्या रोजच्या वाटेवरचा, आणि दहा वेळा कर. मकरपुऱ्याला जाताना तुला रोज काय दिसतं ते मला माहीत नाही. टपरीवरचा कुत्रा असेल, पतंगाची फिरकी असेल. माप तेच, लाकूड तेच. चौथ्या-पाचव्याला कंटाळा येईल, तेव्हा शाडूत करून बघ आणि परत लाकडाकडे ये. कंटाळ्यात हात सरावाचं तेच करतो, म्हणून ती कामं फेकू नकोस, मला आणून दाखव.

किरकोळ दोन गोष्टी. तो चकचकीत व्हार्निश थांबव, तुझ्या बुद्धाला घाम आल्यासारखा दिसतोय. संखेड्याच्या लाकडी फर्निचरची गोष्ट वेगळी. तिथे कथलाच्या पांढऱ्या नक्षीवर लाख चढली की ती सोनेरी दिसते, म्हणून तिथली चकाकी कामाची. तुझ्या कामाला जवसाच्या तेलाचा हात पुरे. आणि फोटोत डाव्या हाताचा अंगठा पटाशीच्या समोर दिसला मला. माझ्या अंगठ्याला तीन टाके आहेत, ते दाखवलेत तुला. लाकूड शिकंज्यात धर, दोन्ही हात धारेच्या मागे.

रविवारी ये. चारांतला एक ओंडका तुझ्यासाठी काढून ठेवलाय. त्यात मधोमध गाठ आहे, मला तिचं काही करता आलं नाही. हत्यारं सुती कपड्यात गुंडाळून आण. मागच्या वेळी पिशवीत किल्ल्यांबरोबर आणलीस आणि धारेला दाते पडले, ते काढायला माझी संध्याकाळ गेली. दोननंतर येणार असशील तर मोगरी घरीच ठेव.

तुझी,
मावशी