धारेवर पाय लटपटतात तेव्हा

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज रात्री वाचला. मोरोशीच्या भैरवगडावर अर्ध्या पायऱ्या चढून तू थांबलास, पाय लटपटायला लागले, हाताची पकड सुटेना, शेवटी लीडरने वर येऊन तुला दोरात बांधून खाली घेतलं. तेव्हापासून ग्रुपवर तुझी टिंगल चाललीय. आणि खाली प्रश्न: काका, ही भीती कायमची कशी घालवू?

कायमची घालवायचं औषध माझ्याकडे नाही, आणि असतं तरी तुला दिलं नसतं. अजिबात न घाबरणाऱ्या माणसांबरोबर डोंगरात जायला मला नको वाटतं. त्यांना हेल्मेटचा पट्टा लावायचा कंटाळा, दोर काढायचा कंटाळा, आणि पुढे पळत खालच्यांच्या डोक्यावर दगड पाडायची हौस. तू थांबलास, जमत नाही असं ओरडून सांगितलंस आणि मदत येईपर्यंत जागचा हलला नाहीस. यातलं मला काहीच चुकीचं दिसत नाही.

टिंगलीचं फार मनावर घेऊ नकोस. "मावळे अनवाणी चढायचे आणि तुला बूट घालून जमेना" हे वाक्य प्रत्येक ट्रेकला कुणीतरी टाकतंच. मावळ्यांचा जन्म त्या कड्याकपाऱ्यांत गेला होता, तुझा आठवडा खुर्चीत जातो. आणि फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांची माणसं रात्री कोंढाणा चढली ती दोर लावूनच, हे टिंगल करणाऱ्यांना सांग. मग बघ कोण बोलतंय.

आता मुद्द्याचं. भैरवगडाचा बालेकिल्ला म्हणजे मुळात एक भिंत आहे. जमिनीतल्या उभ्या भेगेत लाव्हा शिरून घट्ट झाला, आजूबाजूचा मऊ खडक पाऊसपाण्याने झिजून गेला आणि हा ताठ पातळ भाग उभा राहिला. भूगर्भशास्त्रात त्याला डाईक म्हणतात. पायऱ्या त्याच्याच अंगात खोदलेल्या, त्यामुळे एका हाताला कातळ आणि दुसऱ्या हाताला काहीच नाही. अशा ठिकाणी जे होतं त्यात तुझ्या स्वभावाचा वाटा कमी आणि डोळ्यांचा जास्त असतो. आपण उभे असताना शरीर सतत बारीक डुलत असतं. ते सावरायला कान (त्याच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो), पायाचे तळवे आणि डोळे तिघेही काम करतात. डोळे जवळच्या वस्तूंवरून ताडतात की आपण किती हललो. जवळ काहीच नसलं, नजरेला लागणारी पहिली वस्तू खाली मोरोशीतली घरं असली, तर आपण हललो हे डोळ्यांना कळतच नाही. कान आणि पाय सांगतात हललास, डोळे म्हणतात नाही. डोकं गरगरतं, डुलणं वाढतं आणि आपल्याला वाटतं, आता तोल जाणार.

म्हणून "खाली बघू नकोस" हा सल्ला अर्धाच आहे. पाय कुठे ठेवायचा ते बघायला खाली बघावंच लागतं. बघायचं ते बुटापर्यंत. नजर हातभर अंतरावरच्या कातळावर ठेव, त्यातली एखादी चीर, एखादा पांढरा ठिपका पकड. आपल्या बेसॉल्टमध्ये असे ठिपके पुष्कळ असतात. दरी बघायची असेल तर आधी बूड टेकव, हाताला पकड घे आणि मग हवी तेवढी बघ. चालता चालता दरी बघायची नाही.

धार असेल, म्हणजे दोन्ही बाजू मोकळ्या, तर हे आणखी अवघड होतं. कारण नजर टेकवायला बाजूला भिंतही नसते. तिथे चार पावलं पुढचा दगड बघत चालायचं. फारच वाटलं तर बसून, हात टेकत सरकायचं. बसून सरकण्यात लाज कसली? धारेवर वारा असेल तर मीही बसतो.

पायांच्या लटपटीचं कारण तर त्याहून साधं आहे. पायरी अरुंद म्हणून तू चवड्यांवर उभा राहिलास, टाचा हवेत. पोटऱ्यांवर सगळा भार. पोटरी थकली की थरथरते, मग आपण घाबरून आणखी ताठतो आणि ती आणखी थरथरते. तेव्हा एकच करायचं. टाच खाली सोडायची. टेकायला जागा नसली तरी टाच चवड्याच्या पातळीपेक्षा किंचित खाली गेली की पोटरी सैल पडते. त्याच वेळी तोंडाने मोठा श्वास बाहेर सोडायचा. श्वास घ्यायची काळजी करू नकोस, सोडला की तो आपसूक येतो. घाबरलेला माणूस श्वास धरून ठेवतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्यासाठी मी मागच्याला मुद्दाम काहीतरी विचारतो, डबा काय आणलाय वगैरे. उत्तर द्यायचं तर श्वास सोडावाच लागतो.

आणि कातळाला मिठी मारायची नाही. घाबरल्यावर पोट कातळाला चिकटवावंसं वाटतं, पण पोट आत गेलं की पाय बाहेर ढकलले जातात आणि पायाखालची पकड कमी होते. अंग थोडं बाहेर, वजन सरळ पायांवर. हात फक्त तोल राखायला, लटकायला नाहीत. चारांपैकी तीन टेकू नेहमी पक्के आणि एकच अवयव हलता, हे तुला बेसिक कोर्समध्ये शिकवलं असेलच. शिकवत नाहीत ते हे की होल्ड, म्हणजे कातळावरची धरायची जागा, पकडण्याआधी त्यावर तळहाताने थाप मारायची. पोकळ आवाज आला तर तो दगड आपला नाही. डाईकच्या खडकाला चिरा भरपूर असतात, चांगला दिसणारा दगड विटेसारखा हातात येतो. मोठ्या दगडावर भार द्यायचाच झाला तर खाली दाबायचा, बाहेर ओढायचा नाही.

हे झालं हातापायांचं. पण तुला मला जे खरं सांगायचंय ते वेगळं आहे. भीती वाटते ती जागा आणि धोका असतो ती जागा, या दोन नेहमी एक नसतात.

तू ज्या पायरीवर थांबलास ती आठव. पाऊल मावेल एवढी, कोरडी, पक्की. तीच पायरी तुमच्या बिल्डिंगच्या जिन्यात असती तर तू मोबाईल बघत चढला असतास. तिथून पडलास तर वाचणार नाहीस हे खरं, पण पडण्याची शक्यता किती? कमी. भीतीने "पडलो तर काय होईल" एवढंच विचारलं, "पडेन का" हे विचारलंच नाही. डोंगरात दोन्ही विचारायचे असतात, आणि वेगवेगळे.

आता त्याच गडावर वर, पायऱ्या संपल्यानंतरचा घसाऱ्याचा चढ घे. तू तिथवर गेला नाहीस म्हणून सांगतो. पायाखाली भुसभुशीत माती आणि सुटे खडे, त्यावर गवत. कडा गवतामागे झाकलेला, म्हणून दरी दिसत नाही. पायऱ्या पार पडल्या या आनंदात माणसं तिथे गप्पा मारत, सेल्फीची काठी काढत चढतात. कुणालाही भीती वाटत नाही, आणि पाय सटकायची शक्यता सगळ्यात जास्त तिथेच. नोव्हेंबरनंतर वाळलेलं गवत उताराच्या दिशेला झोपतं. त्यावर पाय ठेवलास तर बुटाला कितीही चांगला सोल असो, घसरगुंडीच. मी माझ्या पोरांना तिथे दोर लावून देतो, तेव्हा ती हसतात. हसू देत.

हरिहर गडाचंही तसंच. त्या उभ्या पायऱ्या फोटोत बघून अंगावर काटा येतो, पण प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंनी बोटं अडकवायला खोबण्या आहेत, पकड उत्तम. तिथला खरा धोका रविवारच्या गर्दीचा. चढणारे आणि उतरणारे एकाच चिंचोळ्या वाटेवर, मधेच कुणीतरी अडकलेला, वरून कुणाची बाटली निसटलेली. हरिहरला जायचं तर मधल्या वारी, पहाटे निर्गुडपाड्यातून निघून. पायऱ्यांची भीती तिथे तुझ्या कामाची नाही, गर्दीची ठेव.

तर भीती घालवायची नाही, तिला जागा दाखवायच्या. थांबून विचारायचं: पायाखालचं पक्कं आहे का, हाताला काही आहे का, इथून मला उतरता येईल का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर ती नुसती नजरेची भीती, तिला बरोबर घेऊन हळू चढायचं. एक जरी नाही आलं तर दोर मागायचा किंवा मागे फिरायचं.

त्यातला उतरण्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चढताना डोळे होल्डच्या समोर असतात, उतरताना पाय आंधळा शोधत जातो. म्हणून चढताना दर दहा-बारा पावलांनी थांबून खाली बघ, हे उतरायचंय हे डोक्यात ठेव आणि कुठला पाय कुठे होता ते बघून घे. अवघड टप्प्यावर दरीकडे पाठ, कातळाकडे तोंड करूनच उतरायचं. आणि जुना लोंबकळता दोर दिसला, कितीही जाडजूड असला, तरी त्यावर भार टाकायचा नाही. उन्हाने नायलॉनची ताकद जाते, आणि नुसतं बघून ते नेहमी कळत नाही.

मागे फिरायचं तर ते पाय लटपटण्याआधी ठरवायला हवं, एवढीच माझी तुझ्याबद्दल तक्रार. पहिल्या पायऱ्यांवरच तुला नको वाटत होतं, पण मागे रांग होती म्हणून तू बोलला नाहीस, असं तूच लिहिलंयस. रांग थांबते. अशा जागी माणूस पडला तर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची पोरं कामधंदा टाकून येतात आणि स्ट्रेचर रात्रभर खांद्यावरून उतरवतात. त्या मानाने रांगेतल्या वीस जणांनी दहा मिनिटं उन्हात उभं राहणं काहीच नाही.

सरावाचं म्हणशील तर भैरवगडावर लगेच परत जाऊ नकोस. जिद्दीने गेलास तर तेच होईल, कारण शरीराला तिथलं तेवढंच आठवतं. आधी मुंब्र्याच्या कातळांवर जा, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर आडवं सरकत राहा, पाय कशावर टिकतो हे तळव्यांना कळेपर्यंत. मग राजगडाचा बालेकिल्ला. तो चढ उभा आहे, पण रेलिंग आहे, आणि वर गेल्यावर सुवेळा आणि संजीवनी दोन्ही माच्या समोर पसरलेल्या दिसतात. तिथे बसून तासभर नुसती उंची बघ. उंचीची सवय बघूनच होते, आणि ती मोडतेही लवकर. पावसाळाभर घरी बसलं की पहिल्या ट्रेकला मलाही पुन्हा पहिल्यासारखंच होतं.

आग्या माश्यांबद्दलही एकदा सविस्तर बोलायचंय, पण ते भेटीत. तूर्तास अत्तर आणि डिओ मारून कड्यांवर जाऊ नकोस आणि पोळ्याखाली शेकोटी करू नकोस, एवढं पुरे.

जानेवारीत आम्ही चार-पाच जण राजगडला जातोय, गुंजवण्यातून चढू आणि पद्मावती माचीवर जाऊ. तू ये. टिंगल करणाऱ्यांतला एखादा यायला तयार असेल तर त्यालाही आण. दोर, हेल्मेट, हार्नेस माझ्याकडे आहेत. तू फक्त बुटांचे तळवे उलटे करून बघ, पुढच्या चवड्याखालच्या खाचा गेल्या असतील तर नवे बूट घे आणि ते आठवडाभर ऑफिसला घालून पायाला रुळवून ठेव. येणार असशील तर गुरुवारपर्यंत कळव, म्हणजे गाडीत जागा धरता येईल.

तुझा,
काका