जाळ्याला खिडकी, दिव्याला टोपी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमचा ट्रॉलर आहे, हर्णै बंदरात लागतो. कासवाच्या पाठीवर सॅटेलाइटचं यंत्र लावलं त्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आले, पण आमच्या जाळ्यात कासव आलं तर काय करायचं ते कोणी नीट सांगत नाही. टीईडी बसवा म्हणतात, आमचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, म्हणतात त्यातनं अर्धी कोळंबी जाईल. खरं काय?

उत्तर : भाऊ, तुमच्या तांडेलांची भीती खोटी नाही, पण अर्धी वगैरे काही जात नाही. टीईडी म्हणजे टर्टल एक्सक्लुडर डिव्हाइस, तिरकी बसवलेली गजांची चौकट, आपल्या घराच्या खिडकीला गज असतात तशीच, आणि दोन गजांमध्ये साधारण १० सेंटीमीटर जागा. कोळंबी आणि बारकी मासळी गजांमधून मागच्या खोळीत जाते, कासव मात्र गजांवर आपटतं, उतारावरून सरकतं आणि वर किंवा खाली ठेवलेल्या तोंडातून बाहेर पडतं. त्या तोंडावर जाळ्याचाच एक पडदा असतो, पाण्याच्या दाबाने तो मिटलेला राहतो. आता चौकटीचा तिरकेपणा चुकला, पडदा नीट बसला नाही किंवा गजांमध्ये प्लास्टिक अडकलं तर मासळी निसटते, हे खरंय, म्हणून बसवणारा माणूस जाणता हवा आणि दर ओढीनंतर गज साफ करायला हवेत. आणि मोठी वाघळी किंवा मोठा घोळ असा मासा १० सेंटीमीटरमधून जाणार नाही, तो बाहेरच जाईल, हे मी लपवून ठेवणार नाही. ज्यांचा धंदा कोळंबीवर आहे त्यांचं नुकसान त्यामानाने थोडं.

ही चौकट सुचली कुणाला माहितीये? अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या सिंकी बून नावाच्या कोळंबी पकडणाऱ्या माणसाला, आणि तीही कासवासाठी नाही, जाळं जेलीफिशने भरायचं त्याला तो कंटाळला होता म्हणून! नंतर लक्षात आलं की कासवंही यातून सुटतात. आपल्याकडच्या बोटींसाठी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने स्वतःचं टीईडी तयार केलंय. आणि हा विषय नुसता दयेचा नाही, टीईडी नाही म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये भारताच्या समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं, त्याचा फटका बंदरावर बसलेल्या माणसालाच सोसावा लागतो.

कासव हवेत श्वास घेतं, पाण्याखाली जाळ्यात फार वेळ अडकलं तर गुदमरतं. वर आलेलं कासव हलत नसेल तरी ते मेलं असं समजून लगेच समुद्रात टाकू नका. पोटावर ठेवा, मागची बाजू वीतभर उंच करा, सावलीत ठेवा, अंगावर ओलं कापड टाका आणि थांबा, कधी कधी शुद्धीवर यायला बरेच तास लागतात. जाळं कापून सोडलंत तर आपल्या राज्यात नुकसानभरपाई मिळते, २५,००० रुपयांपर्यंत, त्यासाठी सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ हवा, एवढं एक काम खलाशाला नेमून द्या.

सॅटेलाइटचं काम मात्र वाया गेलं असं म्हणू नका. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला ‘प्रथमा’ नावाच्या मादी कासवाला यंत्र लावलं, २०२३ मध्ये गुहागरच्या ‘बागेश्री’ला, आणि बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. त्याहून मला जास्त भावलेली गोष्ट साधी आहे, ओडिशात २०२१ मध्ये पायाला धातूची छोटी पट्टी लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. ना बॅटरी, ना अँटेना, नुसता नंबर कोरलेली पट्टी! म्हणजे कासव फक्त आपल्या किनाऱ्याचं नाही, ते वाटेत ज्या ज्या जाळ्यासमोर येतं तिथे तिथे ती खिडकी हवी.

प्रश्न : आंजर्ल्यात आमचं होमस्टे आहे, समुद्राच्या बाजूला पर्यटकांसाठी फ्लडलाइट लावायचे आहेत. पिल्लं तर कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारी माणसं, सकाळ-संध्याकाळ सोडतात, मग रात्रीच्या दिव्याने काय बिघडतं?

उत्तर : दादा, अंडी घालायला मादी रात्रीच येते आणि किनारा उजळलेला असला की ती परत फिरू शकते. शिवाय सगळी घरटी काही आपल्याला सापडत नाहीत, राहिलेल्या घरट्यातली पिल्लं रात्री बाहेर पडतात आणि जिथे जास्त उजेड तिकडे चालत सुटतात, कारण अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्राकडचं आभाळच उजळ असतं. पांढऱ्या आणि निळसर एलईडीकडे ती जास्त ओढली जातात. म्हणून फ्लडलाइटचा विचार सोडाच, दिवा कमरेच्या खालच्या उंचीला लावा, वरून आणि समुद्राच्या बाजूने टोपी घाला म्हणजे उजेड पायवाटेवरच पडेल, आणि बल्ब खरा अंबर, म्हणजे नारिंगी-पिवळ्या उजेडाचा, एलईडी घ्या, पांढऱ्या बल्बवर पिवळा कागद गुंडाळलेला नको. सेन्सर लावलात तर माणूस आला की पेटेल, गेला की विझेल, वीजबिलही वाचेल. नोव्हेंबर ते मार्च तर समुद्राकडच्या खोल्यांना जाड पडदे लावा आणि पर्यटकांना आधीच सांगून ठेवा, लोक ऐकतात, मी स्वतः पाहिलंय.

प्रश्न : मी नववीत आहे, गुहागरला राहते. सायन्स प्रोजेक्टसाठी किनारा साफ करणारं मशीन बनवायचंय, चालेल का?

उत्तर : बाळा, कल्पना छान आहे, पण जड मशीन वाळू दाबतं आणि खाली घरटं असेल तर अंडी फुटतात, म्हणून कासवांच्या मोसमात कचरा हातानेच वेचायचा. त्यापेक्षा एक दुसरं काम कर. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, साधारण २९ ते ३१ अंशांच्या आसपास दोन्ही होतात, वाळू जास्त तापली की माद्या वाढतात. घरट्याजवळ अजिबात खणू नकोस, ते कायद्याने संरक्षित आहे. रिकाम्या वाळूत हातभर खोल थर्मामीटर ठेव, एक शेडनेटच्या सावलीत, एक उन्हात, सकाळी, दुपारी आणि रात्री आकडे लिही. महिनाभर लिहून झालं की ती वही वनविभागाच्या कासवमित्रांना नेऊन दाखव आणि इकडेही पाठव, मला बघायचीये.