जी, एच आणि टी ही तिन्ही अक्षरं असलेले इंग्रजी शब्द कसे शोधायचे?

तुम्ही लिहिलंय की मुलीला शाळेत जी, एच आणि टी ही तिन्ही अक्षरं असलेले शब्द शोधून आणायला सांगितलेत, शब्दकोश चाळून काही हाती लागत नाही आणि नाइट, लाइटच्या पुढे गाडी सरकत नाही.

आधी शाळेच्या सूचनेत एक गोष्ट नीट बघा. अक्षरं सलग हवी आहेत, की कुठेही, कशीही विखुरलेली चालतील? सलग हवी असतील तर काम लवकर संपेल: फाइट, बरोबर या अर्थाचा राइट, टाइट, आठ या अर्थाचा एट, वजनाचा वेट, हाइट, थॉट, ब्रॉट, डॉटर. कुठेही चालणार असतील तर मात्र मैदान फार मोठं आहे. नाइट-लाइटवर अडकायला होतं ते बहुतेक सलगच अक्षरं मनात धरल्यामुळे.

शब्दकोश इथे उपयोगी नाही, कारण तो पहिल्या अक्षरावरून लावलेला असतो आणि तुम्हाला नेमकं पहिलं अक्षरच माहीत नाही. त्याऐवजी हातातल्या अक्षरांपैकी सर्वांत कमी आढळणारं अक्षर आधी धरा. स्क्रॅबल या अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द बनवायच्या खेळातल्या लोकांना ही सवय असते. हा खेळ 1930च्या दशकात आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने तयार केला, आणि कोणत्या अक्षराच्या किती सोंगट्या ठेवायच्या हे त्याने वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून ठरवलं. इंग्रजी स्क्रॅबलच्या 100 सोंगट्यांत टी 6 आहेत, जी 3 आणि एच फक्त 2. तेव्हा सुरुवात एचपासून.

एचचा फायदा असा की त्याच्या आधी येणारी व्यंजनं बहुतेक वेळा ठरलेली असतात: टी, एस, सी, जी, पी, डब्ल्यू. त्यातली टी-एच ही जोडी आपल्याला सर्वांत सोयीची, कारण आपण इंग्रजी शब्द कानाने लक्षात ठेवतो आणि ही जोडी आपल्या कानाला थ किंवा द अशी ऐकू येते. असा थ सापडला की बहुतेक वेळा टी आणि एच दोन्ही मिळाले, आता फक्त जी शोधायचा. थिंग, ग्रोथ, लेंग्थ, स्ट्रेंग्थ. द ऐकू येणारे शब्द हमखास निसटतात: गॅदर, टुगेदर. यांत टी-एच आहे हे लिहून पाहिल्याशिवाय जाणवतच नाही. टफमध्ये तर जी आणि एच दोन्ही आहेत आणि उच्चारात येतो फ! म्हणून मुलीला शब्द नुसता बोलायला न लावता प्रत्येक वेळी कागदावर स्पेलिंग लिहायला लावा. मराठी माध्यमातल्या मुलांना तर याचा फारच उपयोग होतो.

दुसरी युक्ती शेपटीची. शब्दाला आय-एन-जी लागलं की जी आयता मिळतो, मग एच आणि टी असलेलं कोणतंही क्रियापद चालतं. टीचिंग, थिंकिंग, शूटिंग, चॅटिंग, हंटिंग. आय-एन-जीचे शब्द चालतील का, हे बाईंना विचारून घ्या. चालत असतील तर वही भरेल.

संगणकावर पडताळायचं असेल तर वनलुक या संकेतस्थळावर नमुना टाकून शब्द शोधता येतात. तिथे प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतंही एक अक्षर आणि तारा म्हणजे कितीही अक्षरं. दोन प्रश्नचिन्हं आणि पुढे जी-एच-टी असं लिहिलं की पाच अक्षरी शब्दांची रांग येते. विखुरलेल्या अक्षरांसाठी शब्दांची साधी यादी सोयीची पडते. मॅक संगणकात ती आधीपासून असते: यूएसआर नावाचा फोल्डर, त्यात शेअर, त्यात डिक्ट, आणि आत वर्ड्स नावाची फाइल. टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत ग्रेप ही हवं ते अक्षर असलेल्या ओळी निवडणारी आज्ञा एकापुढे एक अशी तीनदा लावायची, एकदा जीसाठी, एकदा एचसाठी, एकदा टीसाठी. प्रत्येक चाळणीतून यादी बारीक होत जाते. पण ती यादी प्रचंड आहे, कधी न ऐकलेले शब्दही त्यात येतात, म्हणून मुलीने आधी स्वतः शोधलेलंच बरं.

पुढच्या वेळी ‘फक्त याच अक्षरांतून शब्द बनवा’ असं आलं तर रीत बदलते. तेव्हा शब्दातली अक्षरं ए-बी-सीच्या क्रमाने लावा. लिसनची अक्षरं अशी लावली की ई-आय-एल-एन-एस-टी होतं. सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल यांचंही तेच होतं, म्हणजे हे चारही शब्द त्याच सहा अक्षरांचे. अक्षरं जुळवून शब्द शोधणारी संगणकावरची बरीच साधनंही याच युक्तीवर चालतात.