जांभ्याचा रंग जांभ्याचाच राहू दे

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. हर्णै बंदरावरचे तुझे फोटो पाहिले. चौकट छान धरतोस आणि माणसं तुझ्यासमोर बावरत नाहीत, हे मला फार आवडलं. पण एडिटिंगला बसलास की तुझा हात आधी सॅच्युरेशनवर, म्हणजे रंग भडक करण्यावर, जातो, तेही लगेच कळतं. मळभ आलेल्या दिवशी समुद्र इतका निळा नसतो रे.

आधी उजेड, मग रंग. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं ते पांढरं काय किती आहे ते दाखवणारा आलेख, कायम उघडा ठेव. त्याचं डावं टोक 0, म्हणजे काळं; उजवं 255, म्हणजे पांढरं. आलेख उजव्या टोकाला चिकटून उभा राहिला, तर तिथला तपशील गेला. तुझ्या टोपलीतल्या पापलेटांचं तेच झालंय: खवले गायब, नुसता पांढरा डाग. जेपीजीत प्रत्येक रंगाला उजेडाच्या 256 पायऱ्या मिळतात, 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीत, 16,384. म्हणून रॉमध्येच काढ. हायलाइट्स, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली घेतले की त्यातलं बरंच परत मिळतं. पार करपलेलं मात्र रॉमध्येही मिळत नाही, तेव्हा उन्हात मासळी टिपताना एक्स्पोजर थोडं कमीच ठेव.

पावसातल्या फोटोचा आलेख मधेच गोळा झालेला दिसेल. तो दोन्ही टोकांपर्यंत ताणायचा मोह होईल, ऑटो लेव्हल्स तर नेमकं तेच करतं. धुकं मारलंस तर त्या सकाळचं उरलं काय?

आता जांभ्याच्या चिऱ्यांच्या त्या घराबद्दल, कारण तो फोटो तुझा सगळ्यात चांगला आहे. जांभ्यात लाल रंगच जास्त, त्यामुळे सॅच्युरेशन वाढवलं की लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा भाग, सगळ्यात आधी तुंबतो. मग दगडातली भोकं, कडेचा काळपट शेवाळी थर, सगळं एका सपाट लाल रंगात बुडतं. फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून त्या भोकांच्या आत बघ, म्हणजे मी काय म्हणतोय ते दिसेल. रंग वाढवण्याऐवजी कर्व्हमध्ये, म्हणजे उजेड कमीजास्त करायच्या रेषेत, मधला भाग जरासा वाकव. दगड आपोआप उठून येतो.

पडवीत बसलेल्या आजी निळसर दिसतायत, कारण सावलीतला उजेड आकाशातून येतो आणि तो थंडच असतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या उजेडाची छटा, थोडा उबदार कर. त्यासाठी पांढरा-करडा कुठला ते दाखवायचा ड्रॉपर चुन्याच्या भिंतीवर टेकवू नकोस, जुना चुना पिवळा पडलेला असतो. पुढच्या वेळी आधी ग्रे कार्ड, म्हणजे साधं करडं कार्ड, धरून एक फोटो काढून ठेव. चेहरा उजळायचा तर कर्व्हची वेगळी अ‍ॅडजस्टमेंट लेयर, म्हणजे फोटोवर बदलाचा वेगळा थर, घे, तिचा मास्क, म्हणजे ती कुठे दिसावी ते ठरवणारा पडदा, काळा कर आणि मऊ, पांढऱ्या ब्रशने हवा तेवढाच भाग उघड. मूळ लेयरला हात लागत नाही. आणि डाग पुसणारा हीलिंग ब्रश कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या धुळीसाठी वापर, आजींच्या सुरकुत्यांसाठी नाही. याबाबत मी हट्टी आहे.

छपाईचं थोडक्यात: ए4 पानाला 300 पीपीआयने (इंचाला 300 पिक्सेल) 2480 × 3508 पिक्सेल लागतात. पडद्यावरचा झगझगीत निळा-हिरवा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, येतच नाही, तेव्हा सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल त्याची पडद्यावरची झलक, बघूनच फाइल प्रेसला दे.

त्या घराचा फोटो रॉपासून पुन्हा कर आणि मला लेयर्ससकट पाठव, फ्लॅटन करून सगळे थर एक करू नकोस. तुझा मास्क मला बघायचाय.

तुझा,
काका