भारतात गुरं जास्त, तरी शेणातून निघणारा मिथेन (पृथ्वी तापवणारा वायू) अमेरिकेत जास्त, असं कसं?

गुरं किती, यापेक्षा शेण कसं ठेवता, यावर सगळा खेळ आहे. 2019च्या पशुगणनेत आपल्याकडे सुमारे 19 कोटी गाई-बैल आणि 11 कोटी म्हशी होत्या. अमेरिकेत सगळी मिळून 9 कोटींच्या आसपास गुरं. तरी आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती) 2006च्या तक्त्यात अमेरिकेतल्या एका दुभत्या गाईच्या शेणाला हवामानानुसार वर्षाला 48 ते 112 किलो मिथेन धरलाय. भारतीय उपखंडातल्या गाईला फक्त 5 ते 6 किलो!

कारण तिकडच्या मोठ्या डेअऱ्यांत शेण-मूत पाण्याने धुऊन उघड्या तळ्यात सोडतात. साचलेल्या पातळ शेणात हवा पोचत नाही आणि मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांचं फावतं. त्यात तिथली डुकरंही सात कोटींच्या घरात, त्यांचाही मैला बराचसा असाच साठवतात. आपल्याकडे भिंतीवर थापलेली, बोटांचे ठसे उमटलेली गोवरी चार दिवसांत वाळते. वाळलेल्या शेणात मिथेन जवळपास तयारच होत नाही. (चुलीत जाळल्यावर धूर होतो, पण तो वेगळा विषय.) पावसाळ्यात पाणी भरलेला उकिरडा मात्र छोटं तळंच समजा. गोबरगॅसचं म्हणाल तर तिथे मिथेन मुद्दाम करतो आणि शेगडीत जाळतो. टाकी गळकी नसली की झालं.

एक घोळ टाळा: हा हिशेब फक्त शेणाचा. रवंथ करताना ढेकरेतून जाणारा मिथेन वेगळा मोजतात, आणि त्यात भारत अमेरिकेच्या बराच पुढे आहे.