ग्राफ्टमधली गुठळी काढणारं कॅथेटर आधी कशावर तपासतात?

तुमच्या वडिलांचा डायलिसिसचा ग्राफ्ट, म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडणारी कृत्रिम नळी, बंद पडलाय, डॉक्टर कॅथेटरने (आत सरकवायच्या बारीक नळीने) गुठळी काढू म्हणतायत, आणि हे यंत्र माणसाच्या हातात घालण्याआधी कशावर चालवून बघतात, असं तुम्ही विचारलंय. मी महाप्याच्या एमआयडीसीत हेच काम करतो, म्हणून लिहितोय.

आमच्या टेबलावर ६ मिलिमीटरची पारदर्शक नळी असते, कारण ग्राफ्टही साधारण तेवढाच असतो. तिच्यातून ३७ अंशांचं सलाईन पंपाने फिरतं. गुठळी बोकडाच्या रक्ताची. खाटकाकडेच बाटलीत सायट्रेट घालून घ्यायचं, नाहीतर ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्येच रक्त गोठून बसतं. इथे आल्यावर कॅल्शियम घातलं की आपल्याला हवं तेव्हा गोठतं. ताजी गुठळी जेलीसारखी. तिच्यावर कुठलंही कॅथेटर झकास चालतं, आणि विक्रीवाले व्हिडिओ तिचाच काढतात. दोन दिवसांची मात्र चिवट. माणसाच्या ग्राफ्टमध्ये सगळ्यात हट्टी असतं ते धमनीच्या जोडाशी बसलेलं पांढरट बूच. कॅथेटरच्या टोकाची फिरती जाळी त्याच्यापुढे बरेचदा हात टेकते, मग फोगार्टी बलूनने, म्हणजे टोकाला फुगा असलेल्या कॅथेटरने, ओढून काढावं लागतं.

नळी मोकळी झाली एवढ्यावर आम्ही खूश होत नाही. तुकडे गेले कुठे? पुढे बारीक चाळण्या लावून ते अडवतो, वजन करतो, कारण माणसात ते थेट फुप्फुसात जातात. ग्राफ्टमधली सगळी गुठळी मिळून बहुधा चहाचा चमचाही भरत नाही, त्यामुळे फुप्फुस सहसा सोसतं. पण एखादा तुकडा उलटा धमनीत शिरला तर बोटांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. पाण्याच्या झोताची यंत्रं रक्तपेशीही फोडतात. ते बघायला नळीतून रक्तच फिरवतो, मग ते सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरवून पेशी खाली बसवतो, वरचा पिवळसर द्रव गुलाबी झाला की पेशी फुटल्या समजायचं.

टेबलावर कळत नाही ते हे, की ग्राफ्ट पुढे किती टिकेल. गुठळी होते ती बहुतेकदा शिरेच्या जोडाशी वाट अरुंद झाल्यामुळे. ती बलूनने फुगवली नाही, तर कितीही भारी कॅथेटर वापरा, ग्राफ्ट पुन्हा भरणारच. म्हणून रुग्णांवरच्या चाचण्यांत तीन महिन्यांनी ग्राफ्ट चालू आहे का ते मोजतात. अमेरिकेतल्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी ठेवलेलं लक्ष्यच ४० टक्के होतं!

तेव्हा डॉक्टरांना कॅथेटरच्या कंपनीपेक्षा अरुंद जागा कुठे आहे आणि ती फुगवणार का, हे विचारा. ग्राफ्ट चालू झाल्यावर वडिलांना रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून थरथर लागते का बघायला सांगा. नाही लागली तर पुढच्या डायलिसिसच्या वारापर्यंत थांबू नका, त्याच दिवशी फोन करा. दोन दिवसांची गुठळी कशी असते ते वर लिहिलंच आहे.