गणित नको, कोडिंग हवं?

प्रश्न : माझा मुलगा यंदा दहावीला आहे. सहामाहीत बीजगणितात 40 पैकी 14 पडले. गणिताचं पुस्तक उघडलं की डोकं दुखतं म्हणतो, पण पायथॉन ही कोडिंगची भाषा घेऊन रात्री बारापर्यंत बसतो. एका क्लासवाल्यांनी ‘कोडिंगला गणित लागत नाही’ म्हणत वर्षाचा कोर्स सुचवलाय, फी चाळीस हजार. घालू का? आणि दहावीनंतर कुठे पाठवावं?
– एक आई, मिरज

ताई, नमस्कार.

फी भरू नका, हे आधी सांगते. बाकीचं सावकाश बोलू.

हायस्कूलला मी सकाळी गणित आणि दुपारी संगणक शिकवायचे. मुलं तीच. सकाळी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसणारा दुपारी लॅबमध्ये माझ्याशी वाद घालायचा. गणितातली चूक आठ दिवसांनी लाल शाईत कळते, तीही चारचौघांत. संगणकावरची चूक लगेच कळते आणि दुसऱ्या कुणाला कळत नाही. तुमच्या लेकाचं डोकं गणितानं दुखतंय की त्या लाल शाईनं, हे आधी बघा.

दहावीच्या मुलांना मी ax² + bx + c = 0 या वर्गसमीकरणाची मुळं, म्हणजे x च्या किमती, काढणारा प्रोग्राम लिहायला लावायचे. सूत्र पुस्तकातलंच : x = (−b ± √(b² − 4ac)) / 2a. x² − 5x + 6 = 0 घातलं की 3 आणि 2 येतात, पोरं खूश. मग मी द्यायचे x² + x + 1 = 0. प्रोग्राम ‘मॅथ डोमेन एरर’ म्हणून आडवा. b² − 4ac ऋण असेल तर मुळं वास्तव नसतात, हे वाक्य सगळ्यांना पाठ असायचं. पण ते कशासाठी लिहितात हे तेव्हा कुठे उमगायचं. a च्या जागी शून्य घातलं की शून्यानं भागाकार. पुस्तकातलं ‘a ≠ 0’ उगाच नव्हतं तर!

खरी गंमत 2x² − 7x + 3 = 0 ला. मुळं 3 आणि 1/2. पण सूत्राच्या छेदातल्या 2*a ला (* म्हणजे गुणिले) कंस विसरला, तर पायथॉन आधी 2 नं भागतो, मग a नं गुणतो आणि 3 ऐवजी 12 छापतो. एरर नाही, काही नाही. पहिल्या समीकरणात a = 1 होता, म्हणून ही चूक दिसलीच नव्हती. 12 चुकीचं आहे हे कळायला ते समीकरणात घालून बघावं लागतं : 288 − 84 + 3, म्हणजे 207, शून्य नव्हे. ही पडताळणी गणिताच्याच तासाला शिकवतात. क्लासवाल्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, साधी वेबसाइट करायला त्रिकोणमिती लागत नाही. पण आपलं उत्तर तपासता न येणारा प्रोग्रामर कोण ठेवून घेईल?

आता दहावीनंतरचं. अकरावी सायन्सला आयटी किंवा बायफोकल (व्यवसायाभिमुख) कॉम्प्युटर सायन्स घेता येतं. कॉलेजात यातलं काय आहे ते मात्र आधी विचारून घ्या. इंजिनिअरिंगच्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाला सध्या 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे असतात, तिथे आयटीतले मार्क उपयोगी पडत नाहीत. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा या मुलाला जास्त मानवेल असं मला वाटतं, कारण हातानं करण्यासारखं काम लवकर मिळतं. ‘गणित सुटलं’ म्हणून मात्र तिकडे जाऊ नये, पहिल्याच सत्रात बेसिक मॅथेमॅटिक्स आहे.

बोर्डाच्या परीक्षेपर्यंत रात्रीचं पायथॉन बंद करू नका, दहा वाजेपर्यंत आणा. त्यातला अर्धा तास पुस्तकातल्या उदाहरणांना द्यायचा : आधी वहीत सोडवायचं, मग प्रोग्रामनं ताळा करायचा. अंकगणिती श्रेढीपासून सुरू करू दे, ती त्याला सोपी जाईल. पायथॉन फुकट आहे. तो अजून मोबाइलवरच टाइप करत असेल, तर चाळीस हजारांच्या निम्म्यात वापरलेला चांगला लॅपटॉप येतो, तो बघा. पूर्वपरीक्षेचा बीजगणिताचा पेपर हातात आला की मला त्याचे फोटो पाठवा, मार्क नकोत, त्यानं केलेली कच्ची कामं हवीत.